शिंपल्यात सापडलेला मऊ खेकडा कोण, आणि तो शिंपल्याचं काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मसल, म्हणजे लांबट काळपट-निळे शिंपले, उघडताना त्यातल्या एकात वाटाण्याएवढा, मऊ, पांढुरका खेकडा जिवंत सापडला. तो चुकून अडकलेलं पिल्लू आहे का? एका पुस्तकात याला सहभोजी, म्हणजे यजमानाला त्रास न देता सोबत जेवणारा, म्हटलंय, दुसऱ्यात परजीवी, मग खरं काय? आणि खेकडा काढून टाकला तर शिंपला सुधारतो का?

शिंपले उघडून त्यांच्या आत राहणारे जीव नोंदवणं हे गेली कित्येक वर्षं माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ते पिल्लू नव्हे. तुमच्या हाती आली ती जवळजवळ नक्कीच पूर्ण वाढलेली मादी होती, आणि ती अडकलेली नव्हती, तिथेच राहत होती. हिला वाटाणा खेकडा म्हणतात; कूळ पिनोथेरिडी. पाठीचं कवच जेमतेम एक-दीड सेंटीमीटर रुंद. पुढच्या वेळी सापडली तर लगेच धुऊ नका. बशीत समुद्राचं पाणी घ्या, तिला त्यात ठेवा आणि भिंगातून पाहा. पाठ इतकी पातळ असते की आतला नारिंगी अंडाशय बाहेरून दिसतो. डोळे टाचणीच्या टोकाएवढे. पाय बारीक आणि अशक्त, एकदा उलटी पडली की सरळ व्हायला तिला बराच वेळ लागतो. उताणी असतानाच पोटाची झडप पाहून घ्या: वाटीसारखी रुंद, छातीच्या दोन्ही कडा झाकून वर बाहेर आलेली. ती हलकेच उचलली की खाली अंड्यांचा गोळा. ताजी अंडी नारिंगी असतात, पिकत आली की करडी होतात आणि प्रत्येकीत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसायला लागतात.

त्या गोळ्याकडे नीट पाहा, कारण पुढच्या सगळ्या चर्चेचं मूळ तिथे आहे. बहुतेक खेकड्यांमध्ये एका वेळच्या अंड्यांचं वजन मादीच्या वजनाच्या साधारण 10 टक्के असतं. कवच कडक, आतली जागा ठरलेली, त्याहून जास्त मावतच नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर कालवांमध्ये राहणाऱ्या झॅऑप्स ऑस्ट्रिअस या वाटाणा खेकड्यात मात्र हे प्रमाण 97 टक्क्यांपर्यंत मोजलं गेलंय. म्हणजे मादी जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढी अंडी अंगावर वागवते. कवच मऊ आहे, शरीर फुगू शकतं, पळायचं नाही, लपायचं नाही, चारी बाजूंनी दुसऱ्याची भिंत आहे, म्हणून हे शक्य होतं. एवढी अंडी तयार करायला अन्न लागतं, आणि ते सगळं शिंपल्याच्या आतूनच येतं.

ती आत शिरते कशी, हेही सांगायला हवं. अंड्यातून बाहेर पडलेले डिंभ, म्हणजे पिल्लांची पहिली अवस्था, काही आठवडे प्लवकांबरोबर, पाण्यात वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांबरोबर, तरंगतात. मग इवलासा खेकडा तयार होतो आणि तो शिंपल्याने आत ओढलेल्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर किंवा उघड्या फटीतून आत जातो. काही जातींचे खेकडे आपल्या यजमानाच्या अंगावरून आलेलं पाणी नुसत्या रासायनिक खुणेवरून ओळखतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आत थोडं वाढल्यावर नर आणि मादी दोघांनाही एक कडक कवचाची अवस्था येते. या अवस्थेत शरीर चपटं असतं, पायांना पोहण्यासाठी केसांची झालर असते, आणि अनेक जातींत ते चक्क बाहेर पडून मोकळ्या पाण्यात मीलन करतात. त्यानंतर मादी परत एखाद्या शिंपल्यात शिरते आणि एकामागून एक कात टाकत मऊ, गोल, अवजड होत जाते. आता फटीतून बाहेर पडणं तिला शक्य नसतं. नर लहानच राहतो. अनेक जातींत तो कडक आणि चपळ राहून एका शिंपल्यातून दुसऱ्यात जात असतो. नर आणि मादी, कडक अवस्था आणि मऊ अवस्था इतक्या वेगळ्या दिसतात की पूर्वी एकाच जातीच्या अवस्थांना वेगळ्या जाती समजून नावं दिली गेली. सुरुवातीच्या काळात माझ्याही नोंदवहीत एकाच शिंपल्यातले दोन खेकडे दोन जाती म्हणून लिहिले गेले होते. पोटाची झडप उलगडून पाहायची सवय मला तेव्हापासून लागली: नराची अरुंद, मादीची रुंद.

नर मिटलेल्या शिंपल्यात कसा शिरतो, याचं न्यूझीलंडच्या हिरव्या ओठांच्या मसलवर झालेलं आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला फार आवडतं. अंधारात अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं गेलं. आत मादी असलेल्या मसलपाशी नर येतो आणि मसलच्या प्रावाराची, म्हणजे शिंपल्याच्या ओठाशी दिसणाऱ्या मांसल पडद्याची, कड पायांनी गोंजारत बसतो. तासन्‌तास. मसलला त्या स्पर्शाची सवय होते, फट थोडी वाढते, आणि नर आत सरकतो. बाहेर राहिलेला नर माशाच्या तोंडी जाण्याचा धोका असतो, तरी तो थांबतो.

आता मुख्य मुद्दा, सहभोजी की परजीवी.

त्यासाठी शिंपला जेवतो कसा ते आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. मसलचे आणि कालवाचे कल्ले श्वासापुरते नसतात, ते अन्न गाळण्याची चाळणीही असतात. कल्ल्यांच्या तंतूंवर लाखो सूक्ष्म केस सतत हलत असतात, त्यामुळे पाणी आत येतं, चाळलं जातं आणि बाहेर जातं. मोठं कालव चांगल्या परिस्थितीत तासाला काही लिटर पाणी असं गाळतं. पाण्यातली सूक्ष्म शैवालं चिकट स्रावात अडकतात. त्या स्रावाचा बारीक दोरा कल्ल्याच्या खालच्या कडेच्या खोबणीतून तोंडाकडे सरकत राहतो. तोंडाशी ओठांसारख्या दोन-दोन पाळ्या असतात, त्या हा माल निवडतात. हवं ते आत जातं. नको असलेलं, गाळमिश्रित, स्रावात गुंडाळून बाहेर टाकलं जातं. हे पचलेलं नसतं, त्यामुळे त्याला विष्ठा म्हणता येत नाही. मी त्याला उष्टं म्हणते, कारण चाखून बाजूला सारलेलं असं ते असतं.

आता पाहुणा यातलं नेमकं काय खातो, हा प्रश्न विचारायचा. तो उष्टं खात असेल तर शिंपल्याचं काहीच गेलं नाही, झालीच तर आतली साफसफाई झाली. हा सहभोजी. तोंडाकडे चाललेल्या दोऱ्यातला घास मध्येच उचलत असेल तर तो ताटातलं घेतोय. शिंपल्याने पाणी ओढायला, स्राव तयार करायला जी ताकद घातली तिचं फळ त्याने नेलं. आणि कल्ल्याचे तंतूच कुरतडत असेल तर तो परजीवीच, तिथे वाद नाही.

वाटाणा खेकड्याची मादी बसते ती बहुतेक वेळा कल्ल्याच्या कडेला, त्या खोबणीपाशीच. तिच्या नांग्यांच्या आतल्या बाजूला केसांची दाट कुंचली असते. त्या कुंचलीने ती कल्ल्याच्या कडेवरचा स्राव पुसून घेते आणि तोंडात सारते. युरोपातल्या पिनोथेरिस पायसम या जातीचं हे वागणं ऑर्टन या ब्रिटिश संशोधकाने 1920 च्या सुमारास नीट पाहून लिहून ठेवलंय. म्हणजे ती ताटातलं घेते. शिवाय पायांची नखं रोज त्याच जागी रुतल्याने तंतू तुटतात. अमेरिकन कालवाच्या कल्ल्यांवरच्या अशा जखमांचं सविस्तर वर्णन 1945 मध्ये स्टॉबर यांनी केलं आणि शीर्षकातच या खेकड्याला परजीवी म्हटलं. त्यापूर्वी त्याला सरसकट सहभोजी म्हणत. तुमच्या दोन पुस्तकांतला फरक इथून आलाय.

सहभोजिता ही कल्पना 1870 च्या दशकात बेल्जियमच्या पिएर-जोसेफ व्हॅन बेनेडेन यांनी रूढ केली. एका मेजावर जेवणारा, पण यजमानाला न खाणारा, असा तिचा अर्थ. त्या काळात जखम दिसली तर परजीवी, न दिसली तर सहभोजी, असा हिशेब पुरेसा वाटला. पण जखम दिसणं किंवा न दिसणं हे बऱ्याचदा पाहणाऱ्यावर अवलंबून असतं. शिंपला उघडून खेकडा चिमट्याने काढला, शिंपला टाकून दिला, खेकडा बाटलीत घातला, अशा पद्धतीने गोळा केलेल्या नमुन्यांत यजमानाचे कल्ले कुणी पाहिलेलेच नसतात. अशा नमुन्यावर सहभोजी अशी चिठ्ठी लावलेली दिसली की मी ती मानत नाही. पाहुण्याबद्दल बोलायचं तर आधी यजमानाचा कल्ला पाहायचा, एवढा एक आग्रह मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला धरायला लावते.

माझं मत विचाराल तर वाटाणा खेकड्याची वाढलेली मादी ही सौम्य परजीवी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मसलवर 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात खेकडा असलेल्या मसलची वाढ मंदावलेली आणि शिंपल्याचा आकारही थोडा बदललेला आढळला. न्यूझीलंडमध्ये शेतीत वाढवलेल्या मसलवर 2012 मध्ये जे काम आलं त्यात खेकडा असलेल्यांचं मांस लक्षणीय कमी भरलं. शिंपला मरत मात्र नाही. आणि नुकसान किती, हे पाण्यातल्या अन्नावर ठरतं. शैवालांनी भरलेल्या पाण्यात शिंपल्याच्या कल्ल्यांवर इतकं येतं की पाळ्यांना बरंच टाकून द्यावं लागतं. तिथे मादीने घेतलेला वाटा जाणवत नाही, मांस भरलेलं दिसतं. अन्न विरळ असलेल्या पाण्यात तीच जात, तेवढीच मादी, आणि शिंपला पातळ, पाणचट. म्हणून एकाच जातीबद्दल दोन ठिकाणचे दोन अभ्यास उलट बोलत असले तर दोन्ही बरोबर असू शकतात.

सगळे पाहुणे मात्र एका मापाने मोजू नका. द्विपुट शिंपल्यांत राहणाऱ्या छोट्या कोळंब्या पाहा. कोंकोडायटिस, अँकिस्टस, पोंटोनिया ही त्यांतली काही नावं. मोत्याचे शिंपले, पंख्यासारखे उभे राहणारे पिन्ना आणि महाकाय ट्रायडॅक्ना यांच्या प्रावाराच्या पोकळीत त्या राहतात, बहुतेकदा नर-मादीची एक जोडी. अंग गुळगुळीत, काचेसारखं पारदर्शक, पायांच्या टोकांना आकडे. कल्ल्यांवर फिरतानाही त्या फारसे ओरखडे काढत नाहीत. बरीच वर्षं पाहूनही अशी जोडी असलेल्या शिंपल्यात मला खेकड्यासारखी ठळक जखम सापडलेली नाही. अशा वेळी पोटात काय आहे हे पाहण्यापेक्षा नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं, म्हणजे त्याच्याच किंचित जड अणूंचं, प्रमाण मोजणं उपयोगी पडतं. खाणाऱ्याच्या शरीरात ते खाल्लेल्यापेक्षा साधारण 3 ते 4 सहस्रांशांनी वाढतं. कोळंबी शिंपल्याचं मांस खात असेल तर तिचा आकडा शिंपल्याच्या वर एक पायरी दिसायला हवा. दोघं एकच शैवाल खात असतील तर आकडे जवळजवळ सारखे.

कोपेपॉडांची, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या इवल्या जीवांची, गोष्ट उलट दिशेने गेली. मसलच्या आतड्यात मायटिलिकोला इंटेस्टिनॅलिस नावाचा लालसर, किड्यासारखा लांबट कोपेपॉड राहतो. 1902 मध्ये एड्रियाटिक समुद्रातून त्याचं वर्णन झालं. पुढे तो उत्तर समुद्रात पोचला, आणि 1950 च्या आसपास नेदरलँड्समध्ये मसल मोठ्या प्रमाणावर मेले तेव्हा सगळा दोष त्याच्यावर आला. आतड्यात लाल किडा आणि शिंपला मेलेला, एवढं दिसल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका खाडीत 1978 ते 1988 अशी दहा वर्षं मसल तपासले गेले, तेव्हा त्याच्यामुळे मसल खंगतात किंवा मरतात असं काही दिसलं नाही. तिथला निष्कर्ष त्याला सहभोजीच्या जवळ नेणारा होता. खेकडा सहभोजीचा परजीवी झाला आणि हा किडा परजीवीचा जवळजवळ सहभोजी. उलटा संसारही आहे बरं का: पेरेग्रिनामॉर नावाचे इवले शिंपले बिळात राहणाऱ्या उपोजेबिया या कोळंबीसारख्या जीवाच्या छातीखाली चिकटून जन्म काढतात. त्यावर वेगळं लिहायला हवं.

पाहुणा यजमानाचं रक्षण करतो का, हेही लोक विचारतात. ही समजूत फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने पिन्नाच्या आतल्या रक्षकाचा उल्लेख केलाय आणि तो गेला तर पिन्ना मरतो असं म्हटलंय. रोमन लेखकांनी त्यात भर घातली: मासे आत आले की छोटा जीव पिन्नाला चावून इशारा देतो, शिंपला मिटतो आणि दोघं शिकार वाटून घेतात. पिनोथेरिस या नावाचा अर्थच पिन्नाचा राखणदार. यातलं शिकारीचं काहीही खरं नाही, पिन्ना मासे खात नाही. मला वाटतं पाहणाऱ्यांनी खरंच काहीतरी पाहिलं होतं. पिन्नाजवळ हात नेला की शिंपला मिटतो आणि त्याच क्षणी आतली कोळंबी मागे सरकते. दोन्ही हालचाली एका सावलीमुळे झालेल्या, पण एकीने दुसरीला सांगितलं असं वाटतं. शिंपल्याला इशाऱ्याची गरज नाही. त्याच्या प्रावाराची कड स्पर्शाला स्वतःच फार तरल असते.

त्या गोष्टीतला एक भाग मात्र आज उलट बाजूने खरा ठरतोय. भूमध्य समुद्रातला मोठा पिन्ना नोबिलिस 2016 पासून हॅप्लोस्पोरिडियम पिन्नी या सूक्ष्म परजीवीमुळे झपाट्याने मेला, आणि 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त यादीत घातलं. त्याच्यात जोडीने राहणारी पोंटोनिया पिनोफिलॅक्स ही कोळंबी आणि वाटाणा खेकडा यांची घरंही त्याबरोबर गेली. यजमानांच्या मोजणीत पाहुण्यांना रकानाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर एका खेकड्यावरून काही ठरवू नका. एकाच जागेचे, एकाच आकाराचे निदान 30-40 शिंपले घ्या. फटीतून पातळ सुरी घालून आधी शिंपला मिटणारा स्नायू कापा. जोर लावून उचकटलं तर कल्ला फाटतो आणि ती जखम खेकड्याच्या नावावर जाते. पाहुणा हलण्याआधी तो कोणत्या बाजूच्या कल्ल्यावर, कडेपासून किती आत बसलाय ते लिहा. मग कल्ल्याची कड पाण्यात पसरून पाहा. खेकड्याची जागा बऱ्याचदा ओळखू येते: कडेला खाच पडलेली, खोबणी तुटलेली, तिथलं मांस पिवळट-तपकिरी आणि जाडसर झालेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना तंतू कंगव्याच्या दातांसारखे सरळ. शेवटी मांस वाळवून वजन करा आणि शिंपल्याच्या लांबीशी ताडून पाहा. एक फसगत टाळा. मोठ्या, जुन्या शिंपल्यांत खेकडा सापडण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यामुळे लहानमोठे एकत्र मोजले तर खेकडावालेच धष्टपुष्ट निघतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. शिंपल्याचे कल्ले पुन्हा वाढू शकतात, त्यामुळे पाहुणी गेल्यावर खाच हळूहळू भरू शकते. पण खेकडा काढायचा म्हणून तुम्ही शिंपला उघडलात की स्नायू किंवा बिजागरी गेली, आणि तो शिंपला पुन्हा मिटणार नाही, म्हणून वाचणारही नाही. मादीही बाहेर तगणार नाही. बशीत ती काही दिवस राहील, समुद्रात सोडलीत तर तिला ना पळता येतं ना लपता, आणि दुसऱ्या शिंपल्याच्या फटीत मावेल एवढी लहान ती आता नाही. तुमच्या मसलपैकी जे अजून मिटलेले आहेत ते पाण्यात परत सोडायचे असतील तर तसेच मिटलेले सोडा. तुम्हाला सापडलेली मादी अंडी घेतलेली असेल आणि अंड्यांत काळे ठिपके दिसत असतील, तर ती बशी एक-दोन दिवस सावलीत, थंड जागी ठेवून पाणी बदलत राहा. एखाद्या सकाळी पाण्यात धुळीसारखे कण एका बाजूच्या उजेडाकडे पोहताना दिसतील. भिंगातून पाहिलंत तर प्रत्येक कणाला दोन मोठे डोळे असतील.